थंडीत मका जांभळा पडला की माती तपासायला गाडी घेऊन येतात, त्यांना पैसे देऊ नका

शेतकरी भावांनो, जरा लांबेल पण पूर्ण वाचा, खास करून ज्यांनी कापूस उपटून डिसेंबरमध्ये मका पेरलाय त्यांनी. मी जळगाव जिल्ह्यातला, ४ एकर काळी जमीन, सरीने पाणी देतो. मागच्या रब्बीत माझे ११,२०० रुपये गेले, त्याच्यापेक्षा जास्त मक्याच्या उताऱ्यात गेले, आणि माझ्यामुळे गावातल्या अजून पाच जणांचे गेले. हे शेवटचं जास्त लागलंय मनाला.

झालं असं की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली, पहाटे पारा ९ वर. मका महिन्याच्या वर झालेला पण वाढ एकदम थांबलेली, खालची पानं कडेने जांभळी आणि बाकीचा प्लॉट फिकट पिवळा. युरियाचा, म्हणजे नत्राच्या (नायट्रोजनच्या) खताचा, दुसरा हप्ता द्यायचाच होता पण दुकानात युरिया नाही, असला तर लिंकिंग, म्हणजे सोबत दुसरं काहीतरी घ्या तरच गोणी मिळणार, म्हणून मी दोन दिवस थांबलो होतो. तेवढ्यात बांधावर पांढरी गाडी येऊन उभी राहिली, दोन पोरं, गळ्यात ओळखपत्र, गाडीवर माती परीक्षणाचं स्टिकर, बघणाऱ्याला वाटावं सरकारीच आहेत. "दादा, पीक उपाशी आहे तुमचं, पाच मिनिटात जमिनीत नत्र किती ते काढून देतो, एकरी फक्त ५०० रुपये."

मशीन म्हणजे काय तर तीन खिळ्यांसारख्या काड्या, त्याला वायर आणि छोटा स्क्रीन. बांधाच्या जवळ, जिथे पाणी नीट पोचत नाही अशा कोरड्या जागी त्याने काड्या खुपसल्या. आकडा आला १४. मोबाईलवर सरकारी तक्ता काढून दाखवला की नत्र २८० च्या खाली म्हणजे कमी, आणि म्हणाला बघा दादा, पाहिजे २८० आणि तुमच्यात १४, जमीन संपलीय. तो तक्ता खरा होता हो, म्हणून तर मी फसलो. घाबरलोच. मग गाडीतून बाटल्या निघाल्या, एकरी दोन, ११५० ला एक, चार एकराच्या ८ बाटल्यांचे ९,२०० आणि तपासणीचे २,०००. वर सांगितलं की युरिया अजिबात टाकू नका, थंडीत लागत नाही, उलट जमीन कडक होते, १०-१२ दिवसात प्लॉट हिरवागार नाही झाला तर पैसे परत. पक्कं बिल मागितलं तर म्हणे ऑनलाइन येईल.

आणि खरंच, संक्रांत झाली, ऊन वाढलं आणि बाराव्या दिवशी प्लॉट हिरवा! ती पोरं परत आली, मला मक्यात उभं करून मोबाईलवर व्हिडिओ काढला, मी मनापासून बोललो की माझा मका वाचला. तो व्हिडिओ दाखवून गावात पाच घरी माल विकला.

फेब्रुवारीत तुरा निघायच्या वेळी खेळ उलटला. खालची पानं शेंड्याकडून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळी होत आली, उलट्या व्ही सारखा पट्टा. शेजारच्या नानांच्या मक्यात असं काही नाही, आणि त्यांनी तर बाटलीच घेतली नव्हती, कुठूनतरी युरिया आणून वेळेवर हप्ते दिले होते. त्यांचा मकाही जानेवारीत माझ्याएवढाच जांभळा होता आणि माझ्याबरोबरच हिरवा झाला होता, हे तेव्हा डोक्यात आलं. शेवटी त्यांना एकरी ३४ क्विंटल झाला, मला २५.

पानं घेऊन कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या मॅडमनी शांतपणे सगळं समजावलं. जमीन गार असली की मुळं स्फुरद (फॉस्फरस) उचलू शकत नाहीत, म्हणून लहान मक्याची पानं जांभळी होतात, ऊन वाढलं की बहुतेक वेळा आपोआप सुधारतात. नत्राचंही तसंच, शेणखतातला, पालापाचोळ्यातला नत्र पिकाला मिळेल अशा रूपात आणायचं काम जिवाणू करतात आणि ते थंडीत सुस्त असतात. म्हणजे नत्र जमिनीत असतो पण त्या दिवशी मोजला तर कमी दिसतो. त्या म्हणाल्या अमेरिकेत आयोवाकडे मका ६ ते १२ इंचाचा झाला की फूटभर खोलीची माती काढून नायट्रेट, म्हणजे पिकाला लगेच मिळणारा नत्र, मोजतात, २५ पीपीएमच्या (मातीच्या दहा लाख भागात २५ भाग) आसपास आलं तर उभ्या पिकाला वरखत देत नाहीत, पण तिथेही वसंत ऋतू थंड आणि ओला गेला तर आकडा कमी येतो आणि तो जपूनच वाचावा लागतो. तेही प्रयोगशाळेत मोजलेला आकडा, काड्या खुपसून नाही.

आता ते १४ आणि २८०. स्क्रीनवरचा आकडा पीपीएमचा, आणि तक्त्यातले २८० हे हेक्टरी किलो, तेही प्रयोगशाळेत परमँगनेट पद्धतीने काढलेल्या उपलब्ध नत्राचे. दोन्हीची तुलनाच होत नाही. मी नंतर केंद्रात रीतसर नमुना दिला तर १७२ किलो आला. कमीच आहे, पण आपल्याकडच्या बऱ्याच जमिनीत नत्र कमीच निघतो, त्यासाठी शिफारशीपेक्षा थोडा जास्त हप्ता द्यायचा असतो, जमीन संपलेली नसते.

पुतण्याने तसलंच मशीन ऑनलाइन मागवलं. कुंडीतल्या कोरड्या मातीत खुपसलं तर नत्र ३. त्याच कुंडीत घरातलं मीठ विरघळवून पाणी टाकलं, नत्र एकदम शंभराच्या वर! मिठात कुठून आला नत्र? ते मशीन फक्त मातीतून वीज किती वाहते ते बघतं आणि त्यावरून नत्र, स्फुरद, पालाशचे आकडे बनवतं. हा प्रयोग गावात पारावर करून दाखवला आम्ही.

बाटलीवर नत्र ५ टक्के लिहिलेलं. ८ लिटरमध्ये मिळून साधारण ४०० ग्रॅम नत्र झाला. मक्याला शिफारस हेक्टरी १२० किलोची, म्हणजे एकरी ४८, तीन हप्त्यात. एका हप्त्याला एकरी १६ किलो, म्हणजे पाऊण गोणी युरिया. माझ्या चार एकराला ३ गोण्या, २६६ रुपये ५० पैसे दराने ८०० रुपयांच्या आत. त्याच्या जागी मी ११,२०० देऊन ४०० ग्रॅम टाकला आणि वरून युरियाचे उरलेले दोन्ही हप्ते चुकवले.

तालुक्याला गुणनियंत्रण निरीक्षकांकडे तक्रार दिली. पहिला प्रश्न, बिल कुठंय? ऑनलाइन बिल कधी आलंच नाही, नंबर बंद. एक बाटली शेजाऱ्याकडे सीलबंद राहिली होती ती जमा केली, तिच्यावर कुठलाही परवाना क्रमांक नव्हता. पुढे काय होतं बघू.

माती तपासायचीच तर पेरणीच्या आधी, खत टाकायच्या आधी, बांध, विहीर, झाडाखालची जागा सोडून ८-१० ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घेऊन माती काढा, मिसळून अर्धा किलो ठेवा आणि प्रयोगशाळेत द्या. गाडी आली तर आधी पक्कं बिल आणि विक्रीचा परवाना मागा, आणि शंका असली तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारा, फुकट आहे.

त्या पाच जणांच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. दोघं अजून नीट बोलत नाहीत. तो व्हिडिओ अजून फिरतोय, चोपड्याकडच्या एका पाहुण्याने परवाच मला पाठवला, तुझाच ना म्हणून. मक्यात उभा, निळा शर्ट, डोक्यावर पांढरा रुमाल, "माझा मका वाचला" म्हणणारा माणूस मीच आहे. तुमच्या ग्रुपवर आला तर त्याच्याखाली हे टाका.