वॉशिंग मशीनच्या कोनाड्याला फोल्डिंग दार: आठ महिने वापरल्यावर

दार बसवून आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर फक्त दिसतं किती छान एवढंच लिहिलं असतं, आणि त्याचा कोणाला काय उपयोग.

आमच्याकडे पॅसेजमध्ये एक कोनाडा आहे, रुंदी १०५ सेंमी, खोली ७५. त्यात फ्रंट लोड मशीन आणि बाजूला धुवायच्या कपड्यांची बास्केट. पॅसेज ९५ सेंमी. आधी दोन महिने नुसता पडदा लावला होता, तात्पुरता म्हणून, पण खरं सांगते, दार कुठलं घ्यायचं ते त्या पडद्यानेच शिकवलं. कारण तेव्हा लक्षात आलं की पडदा दिवसातला बराच वेळ थोडा सरकवलेलाच असतो. मशीन बंद असतानाही तिचं तोंड आपण उघडं ठेवतो ना, रबरात पाणी साचून बुरशी धरू नये म्हणून. म्हणजे मशीनला धुताना नाही तर धुऊन झाल्यावर जास्त हवा लागते. हे डोक्यात बसलं आणि मग निम्मे पर्याय आपोआप गळाले.

स्लायडिंग माझ्या मनात पहिलं होतं, कारण पुढे जागाच लागत नाही. पण दोन पल्ले एकमेकांवर सरकतात म्हणजे एका वेळी अर्धीच जागा उघडते, आमच्या केसमध्ये साधारण ५० सेंमी, आणि मशीन ६० सेंमीची! मशीनचं गोल दार पूर्ण उघडणार नाही आणि उद्या रिपेअरला मशीन बाहेर काढायची तर आख्खं दारच उतरवा. मोठ्या रुंदीला स्लायडिंग चांगलंच आहे, १०५ ला नाही. साधे दोन पल्ले घेतले असते तर एकेक ५२ चा, उघडल्यावर ९५ च्या पॅसेजमध्ये ४३ उरतात, हातात ओल्या कपड्यांची बादली घेऊन तिथून कोण जाणार. भिंतीत सरकणारं दार सगळ्यात देखणं, पण भिंतीत पोकळी करायला हवी आणि आमच्या त्या भिंतीत नळाचे पाइप आहेत, विषय संपला.

मग फोल्डिंग. प्रत्येक बाजूला दोन-दोन पट्ट्या, साधारण २६ सेंमीची एकेक, त्यामुळे उघडल्यावर पॅसेजमध्ये तेवढीच येतात. वरच्या ट्रॅकला लटकतं आणि खाली फक्त दोन्ही कोपऱ्यांत पिन, मधे जमिनीवर ट्रॅक नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण खालच्या ट्रॅकमध्ये लव, केस, सांडलेली पावडर सगळं जाऊन बसतं. आणि पट्ट्यांना लूव्हर घेतले, म्हणजे तिरक्या झापांमधून हवा खेळती राहते.

आता जे कोणी आधी सांगितलं नाही ते. फोल्डिंग दार उघडल्यावर घडी होऊन चौकटीजवळच उभं राहतं आणि ती घडी दोन्ही बाजूंना ५-६ सेंमी खाते. म्हणजे १०५ चे मोकळे ९३ वगैरे. मी मशीन उजव्या भिंतीला चिकटवून ठेवली होती, बास्केटला जास्त जागा मिळावी म्हणून. पहिल्या महिन्यात काहीच जाणवलं नाही. मग एक दिवस पाणी सुटेना, फिल्टर साफ करायला बसले तर फिल्टरचं झाकण खाली उजव्या कोपऱ्यात, बरोबर घडीच्या मागे! झाकण अर्धंच उघडत होतं. शेवटी पाणी तसंच आत असताना मशीन ७ सेंमी डावीकडे सरकवली, त्या जडपणाला दोघं लागलो, फरशीवर ओरखडा गेला तो गेलाच. तेव्हा आधी बघा तुमच्या मशीनचा फिल्टर कुठे आहे, पावडरचा ड्रॉवर कुठे आहे, गोल दार कुठल्या बाजूला उघडतं. तिन्ही गोष्टी घडीपासून मोकळ्या हव्यात. दार ऑर्डर करायच्या आधी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या चौकटीला टेपने लावून बघितल्या असत्या तर दहा मिनिटांत कळलं असतं.

खोलीचंही तसंच. मशीन ६० सेंमी खोल म्हणून कोनाडा ६० चालेल असं धरू नका, मागे पाइपांना ८-१० सेंमी लागतात, पाइप मुडपला तर पाणी येत नाही. आणि पुढे मशीनचं दार जरासं उघडं ठेवून बाहेरचं दार बंद व्हायला हवं, नाहीतर एवढं करून तोंड बंदच राहणार. आमचे ७५ त्यात नेमके बसले.

आवाज. लूव्हरने आवाज काही कमी होत नाही, कमी होईल म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, भरीव दारच बघा. उलट मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या स्पिनला सुरुवातीला झापा खडखडायच्या, सारखं वाटायचं काहीतरी तुटतंय. मशीनचे पाय लेव्हलला आणले, पट्ट्या जिथे चौकटीला टेकतात तिथे सिलिकॉनच्या छोट्या टिकल्या चिकटवल्या, आता बऱ्यापैकी शांत. तरी स्पिनच्या वेळी मी दार उघडंच ठेवते. ड्रायर असेल त्यांनी तर तो चालू असताना उघडंच ठेवावं, आत उष्णता कोंडते आणि ड्रायर नीट काम करत नाही.

तिसऱ्या महिन्यात डावा पल्ला खाली घासायला लागला. घाबरू नका, खालची पिन पान्याने फिरवली की पल्ला वरखाली होतो, पाच मिनिटांचं काम. मात्र पल्ल्याची खालची कड बघा. पेंटर समोरून मागून छान रंगवतो आणि ती खालची कड कोरीच राहते, मग फरशी पुसली की तिथूनच लाकूड पाणी पितं. आमची एक पट्टी थोडी फुगलीच. उतरवून, वाळवून, दोन हात सीलर मारला तेव्हापासून ठीक आहे. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, तर इथे अजिबात नको, एकदा फुगलं की परत बसत नाही.

साफसफाईचं खरं सांगायचं तर झापांवर लव आणि धूळ बसते, दर पंधरा दिवसांनी पेंटचा मऊ कोरडा ब्रश फिरवावा लागतो, ओलं फडकं मारलं तर चिकट राप होतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी भरीव पल्ला घ्यावा पण मग वर आणि खाली हवेसाठी जाळी ठेवावीच. आणि घरात लहान मूल असेल तर घडीच्या बिजागरीत बोट सापडू शकतं, आमच्याकडे भाची आली की मी दार उघडून दोरीने बांधून ठेवते.

वास? पडदा होता तेव्हा नव्हता, आताही नाही, आणि मशीनचं रबर आठ महिन्यांनीही स्वच्छ आहे. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. आता आत एक छोटा लाइट लावायचाय, कारण संध्याकाळी बास्केटच्या तळाशी राहिलेले मोजे दिसतच नाहीत.