पुढचं पुस्तक शोधायला ८ महिने लायब्ररीचे कॅटलॉग वापरले, त्याचा अनुभव

खरं तर हे मी जूनमध्येच लिहिणार होते आणि तेव्हा लिहिलं असतं तर नुसता राग निघाला असता, कारण आमच्या वाचनालयाचं सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि विषयावर क्लिक केलं की शून्य पुस्तकं यायला लागली. आता ते परत चालू झालंय आणि मधल्या काळात माझं मतही बरंच बदललं, म्हणून आत्ता लिहितेय.

आधी गरज काय ते सांगते. बाबा ७६ वर्षांचे. गुडघ्यांमुळे बाहेर फिरणं बंद आणि नर्मदा परिक्रमेवरची पुस्तकं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एक संपलं की "पुढचं काय आणलंस?" हे ठरलेलं. पुस्तकांच्या दुकानांच्या अ‍ॅपवर "यासारखी पुस्तकं" म्हणून जे येतं ते मी दोन वर्षं भरवशाने घेत होते आणि त्यातून काय काय आलं तर नर्मदेची आरती संग्रह, एक मधुमेहाचं पुस्तक आणि कुठल्यातरी महाराजांची प्रवचनं. साडेतीनशे-चारशे रुपयांना एकेक, बाबांनी दहा पानं वाचून बाजूला ठेवलेली. अशी अकरा पुस्तकं दिवाणाखाली पडली आहेत, हिशोब तुम्हीच करा. लोकांनी सोबत काय विकत घेतलं एवढंच ते अ‍ॅप बघत असावं, पुस्तकात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं असल्यासारखं वाटत नाही.

वाशीच्या माझ्या मैत्रिणीने सांगितलं की लायब्ररीच्या नोंदीत खाली विषय लिहिलेला असतो तो बघ. लायब्ररी ऑफ काँग्रेस म्हणजे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं सरकारी ग्रंथालय, त्याचा कॅटलॉग सगळ्यांना फुकट उघडा आहे, आणि जगभरातल्या लायब्रऱ्यांचा एकत्र कॅटलॉग असलेलं वर्ल्डकॅट पण फुकट. बाबांना आवडलेल्या एका पुस्तकाची नोंद काढायची, खाली "नर्मदा नदी, वर्णन आणि प्रवास" अशा अर्थाचा इंग्रजी विषय दिसतो, त्यावर क्लिक करायचं, झालं. त्याच विषयाची सगळी पुस्तकं एका यादीत, मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी. शिवाय हिंदू तीर्थयात्रांचा वेगळा विषय असतो, त्यातून पायी वारी आणि कैलासची पुस्तकं सापडली. हे कुणा मशीनने अंदाजाने जुळवलेलं नाही, पुस्तक हातात घेऊन, चाळून माणसाने लिहिलेलं आहे, आणि फरक पहिल्या यादीतच कळतो.

पण तिथपर्यंत पोचायलाच मला तीन आठवडे लागले आणि त्याचं कारण एकच, च. मी हसण्यावारी नेत नाहीये, या एका अक्षराने माझ्या कितीतरी रात्री खाल्ल्या. त्या कॅटलॉगमध्ये जुन्या मराठी पुस्तकांची नावं बऱ्याचदा फक्त रोमन लिपीत असतात आणि ती आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो तशी नाही, त्यांच्या ठरलेल्या नियमाने. आपण च साठी सी एच टाइप करतो, त्यांच्याकडे च म्हणजे नुसता सी, आणि सी एच म्हणजे छ! आता मराठी नावात चा, ची, च्या कुठे नसतं? "नर्मदेच्या" असा शब्द असलेलं नाव मी सी एच घालून टाइप करत बसले आणि दर वेळी शून्य. मला वाटलं पुस्तकच नाहीये त्यांच्याकडे. शिवाय अकारान्त शब्दाच्या शेवटी ए लावायचा, म्हणजे प्रवास हा "pravasa" असा टाइप करायचा आणि व साठी डब्ल्यू नाही, व्ही. अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं नाही टाकली तरी चालतं, तेवढी सूट आहे. पण हे शोधायच्या चौकटीशेजारी एका ओळीत लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नोंदींना ८८० नावाच्या खान्यात देवनागरी नाव जोडलेलं असतं, ती देवनागरीत टाइप करून सापडतात. पण कुठल्या नोंदीला जोडलंय ते आधी कळत नाही, मग दोन्ही करून बघावं लागतं.

मार्चमध्ये मी याला पाचपैकी दोन दिले असते.

मग आमच्या वाचनालयात देवनागरीत शोधायला बसले. ठाण्याला १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, मी म्हणतेय ते ते नाही, आमच्या घराजवळचं एक छोटं आहे. तर तिथे लक्षात आलं की देवनागरीतही सुख नाही. एकाने परिक्रमा लिहिलंय, एकाने परीक्रमा. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तकं असतील तर नांव, कांहीं, माझें असे अनुस्वार, ते टाकले नाहीत तर पुस्तक सापडत नाही. तेव्हा मला पटलं की रोमनचा नियम त्रासदायक असला तरी एकदा शिकला की अमेरिकेतल्या मोठ्या लायब्रऱ्यांत तोच चालतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे विषयाला ऱ्हस्व-दीर्घाशी काही घेणं नाही. पुस्तकाचं नाव कसंही छापलेलं असो, त्या मोठ्या कॅटलॉगमध्ये विषय एकाच पद्धतीने लिहिलेला असतो. एक पुस्तक मिळवण्यापुरतंच नाव वापरायचं, पुढे सगळं विषयावरून.

वर्ल्डकॅटवर "जवळची लायब्ररी" म्हणून मला शिकागो वगैरे दाखवतं तेव्हा आधी चिडायला व्हायचं. ठाण्यात छापलेलं पुस्तक शिकागोत कसं, हे बाबांना विचारलं नव्हतं पण सहज बोलले तर तेच म्हणाले, "अगं, तो पी.एल. ४८० चा गहू आठवतो का, तू कुठली आठवणार म्हणा, आम्ही रेशनला रांगेत उभं राहून आणायचो." मग शोधून वाचलं तर खरंच, पी.एल. ४८० या अमेरिकन कायद्याखाली दिलेल्या धान्याचे पैसे इथे रुपयांत जमा व्हायचे आणि १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीतल्या ऑफिसातून त्यातल्या पैशांनी भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. बाबा त्या दिवशी दोन तास त्या रेशनबद्दल बोलत होते.

कादंबऱ्यांसाठी मात्र हे सगळं फारसं उपयोगाचं नाही, हे स्पष्ट सांगते. बहुतेक मराठी कादंबऱ्यांना "मराठी कथासाहित्य" च्या पुढे विषयच दिलेला नसतो, ड्यूई नंबर, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायचा आकडा, ८९१.४६३ बघून शेल्फवर जा आणि स्वतः चाळा. न्यू जर्सीच्या नणंदेच्या लायब्ररीत नॉव्हेलिस्ट नावाचा डेटाबेस आहे, कार्ड असलं की घरून वापरता येतो, तिने व्हिडिओ कॉलवर दाखवला. एका कादंबरीसारखी दुसरी का, हे कथेची गती, सूर, लिहिण्याची शैली असं सांगून देतात. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी फार सुंदर. मराठीसाठी असं कुणीतरी करायला हवं, मनापासून वाटतं.

आता ते जूनचं. विषयाचं क्लिक बंद पडलं तेव्हा काउंटरवर सांगितलं तर उत्तर, "ते कोण वापरतं मॅडम, नावाने शोधा ना." मी वापरते! वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेली आहे. चार वेळा गेले, दोनदा लेखी दिलं. शेवटी सॉफ्टवेअरवाला मुलगा आला, त्याने अपडेटनंतर इंडेक्स (शोधासाठीची आतली सूची) परत बनवायचा राहिला होता तो बनवला, अर्ध्या तासाचं काम, त्याला अडीच महिने. नंतर मात्र तिथल्या ग्रंथपाल काकूंनी स्वतःहून परिक्रमेच्या सगळ्या पुस्तकांना एकच विषय लावून घेतला, आधी कुठे "धार्मिक" होतं, कुठे "प्रवास", कुठे काहीच नाही. मी त्यांना माझी यादी दिली, २३ नावांची.

त्यातली १४ बाबांनी वाचली. ५ ठाण्यात कुठे मिळाली नाहीत, ४ काकू दादरहून मागवतायत. खर्च झाला तो फक्त रिक्षाचा. परवा बाबा म्हणाले, "नर्मदेचं होईलच गं, तापीच्या काठाने कुणी चाललंय का ते बघ." बसले होते काल रात्री, नुसता नदीचा विषय टाकून. दोन मिळाली आहेत, एक गुजराती आहे, ते बाबा सावकाश वाचतील म्हणतात.