सिव्हिल हॉस्पिटलमागची शिवभोजन थाळी: जेवण कसं आहे, आणि 10 रुपयांत मिळतं कसं

जेवणाला पाचपैकी साडेतीन. केंद्र चालवणाऱ्या ताईंना पाचपैकी पाच. जागेला दोनच, कारण जागा फारच अपुरी आहे.

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलच्या मागच्या गेटसमोर हे शिवभोजन केंद्र आहे, एक महिला बचत गट चालवतो. मी त्याच रस्त्यावर एका मेडिकलमध्ये कामाला आहे त्यामुळे डबा नसला की तिथंच जेवतो, आणि याबद्दल लिहायचं खूप दिवस मनात होतं कारण कॅफेचे, बिर्याणीचे, मिसळीचे शेकडो रिव्ह्यू असतात पण अशा ठिकाणाबद्दल कोणी चार ओळी पण लिहीत नाही, आणि रोज दुपारी तिथं लाईन बघाल तर शहरातल्या कुठल्याच हॉटेलला एवढी गर्दी नसते.

आधी जेवण. थाळीत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. सरकारी नियमात वजनं ठरलेली आहेत, 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण. अंगमेहनत करणाऱ्याला हे पोटभर होत नाही हे स्पष्ट सांगतो, हमाली करणारा माणूस दोन चपात्यांवर उठत नाही, म्हणून बरेच जण घरून भाकरी बांधून आणतात आणि थाळीतलं वरण त्यात चुरून खातात. पण चवीला चांगलं असतं हो. वरणाला लसूण-जिऱ्याची फोडणी असते, नुसतं पिवळं पाणी नसतं. मटकीची उसळ ज्या दिवशी असते त्या दिवशी जरूर जा, ती खरंच घरच्यासारखी करतात. कोबी मात्र दरवेळी पाणचट होतो, आणि दीडच्या पुढे गेलात तर चपात्या वातड झालेल्या असतात. दही, लोणचं, पापड काही नाही. साडेबाराच्या आत पोचा, कारण केंद्र दुपारी दोन-तीन तासच चालू असतं आणि थाळ्यांचा रोजचा कोटा ठरलेला असतो (सुरुवातीच्या नियमात एका केंद्राला 75 ते 150 थाळ्या होत्या), कोटा संपला की संपलं, ताई तरी काय करणार.

बसायला चार बाकडी. बाकीचे भिंतीला टेकून नाहीतर उकिडवे बसून जेवतात, एप्रिल-मेमध्ये डोक्यावर सावली नाही. पाण्याचा जार असतो आणि हात धुवायची सोय आहे. भांडी स्वच्छ असतात, हे मी मुद्दाम बघतो कारण समोरच हॉस्पिटल आहे. जेवायच्या आधी नाव विचारून मोबाईलवर फोटो काढतात, त्यावरच केंद्राचं बिल निघतं. म्हाताऱ्या बायकांना ते अवघड वाटतं, पदर पुढे ओढतात, मग ताई समजावतात, "मावशी, फोटोशिवाय आम्हाला पैसे मिळत नाहीत, लगेच होतंय बघा." एवढ्या गर्दीत इतक्या शांतपणे बोलणं सोपं नाही, पाचपैकी पाच त्याचेच दिलेत.

आता 10 रुपयांचं. याच रस्त्यावर साधी राईस प्लेट 80 रुपयांच्या खाली मिळत नाही. मग ही 10 ला कशी मिळते? शहरातल्या केंद्राला सरकारने एका थाळीचा दर 50 रुपये धरला, त्यातले 10 आपण देतो आणि 40 सरकार देतं. ग्रामीण भागात दर 35, तिथं 10 आपले आणि 25 सरकारचे. मी जेवताना शेजारच्याला विचारतो की हे कोण देतं माहितीये का, तर उत्तरं वेगवेगळी येतात, कोणी म्हणतं साहेबांनी चालू केलं, कोणी म्हणतं कुठल्यातरी ट्रस्टचं आहे, एक दादा तर म्हणाले पुण्य कमवायला कोणीतरी शेठ घालतोय जेवायला. मला हे ऐकून वाईट वाटतं, कारण यात कोणाचे उपकार नाहीत, ही थाळी मतपेटीतून आलेली आहे आणि ती खाणाऱ्यालाच ते माहीत नाही.

2019 च्या विधानसभेच्या वेळी शिवसेनेच्या वचननाम्यात 10 रुपयांत जेवण हे वचन होतं. निवडणूक झाली, सरकार बसलं, 1 जानेवारी 2020 ला जीआर निघाला आणि 26 जानेवारीला केंद्रं चालू झाली. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला, सगळी हॉटेलं बंद, तेव्हा थाळी 5 रुपयांना केली, दुसऱ्या लाटेत एप्रिल 2021 पासून काही महिने पूर्ण फुकट होती, नंतर परत 10 झाली. त्या दिवसांत पेशंटसोबत खेड्यातून आलेल्या लोकांना या गेटसमोर दुसरं काहीच नव्हतं, मी रोज बघत होतो. कुठला पक्ष चांगला कुठला वाईट हे मला इथं सांगायचंच नाही. मला एवढंच म्हणायचंय की हे वचन छापलं गेलं कारण 10 रुपये मोजून जेवणाऱ्या माणसाकडे मत आहे. हमालाला, रिक्षावाल्याला, वॉर्डाबाहेर जमिनीवर झोपणाऱ्या नातेवाइकाला मंत्रालयात कोण ओळखतं? ज्याच्याकडे पैसा आहे त्याचा सीए असतो, वकील असतो, असोसिएशन असते, त्याचं म्हणणं निवडणूक असो नसो वर्षभर पोचत असतं. देशातल्या वरच्या 1 टक्का लोकांकडे 2022-23 मध्ये एकूण संपत्तीचा 40 टक्क्यांहून थोडा जास्त वाटा होता, जागतिक पातळीवर विषमतेचा अभ्यास करणाऱ्यांनी 2024 मध्ये हा आकडा मांडला. पण त्या 1 टक्क्याची मतं 1 टक्काच आहेत, आणि इतकी सरळ मोजणी दुसरीकडे कुठे होत नाही. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत हेच बजावलं होतं की 26 जानेवारी 1950 पासून राजकारणात आपण समान असू आणि समाजात, पैशाअडक्यात असमान असू, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर ज्यांना विषमतेचा त्रास होतोय ते ही लोकशाहीच उधळून लावतील.

आणि मत एकदा देऊन विसरलं की काय होतं ते पण महाराष्ट्राने बघितलंय. 1995 ला युतीचं सरकार आलं तेव्हा 1 रुपयात झुणका-भाकर निघाली होती, जुन्या लोकांना ते स्टॉल आठवत असतील. सरकार बदललं, योजना गेली, आणि पुढच्या निवडणुकीत झुणका-भाकर का बंद केली असं कोणी जोरात विचारल्याचं मला तरी आठवत नाही. तामिळनाडूत उलटं झालं. तिथं 2013 ला तेव्हाच्या मुख्यमंत्री जयललितांनी अम्मा उणवगम, म्हणजे अम्मा कॅन्टीन, चालू केलं, 1 रुपयाला इडली. 2021 ला विरोधी पक्ष, म्हणजे डीएमके, सत्तेत आला आणि चेन्नईत त्यांच्याच कार्यकर्त्यांनी एका अम्मा कॅन्टीनचे बोर्ड फाडले, तर त्यांचेच नवे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी त्या कार्यकर्त्यांवर कारवाई केली, बोर्ड परत लावायला लावले आणि कॅन्टीन चालूच ठेवली. विरोधकाच्या नावाची योजना कोण चालू ठेवतो सांगा! ती बंद केली तर किती लोक चिडतील आणि ते चिडलेले लोक मतदान करतात हे तिथल्या प्रत्येक पक्षाला माहितीये म्हणून ती चालते.

आपल्याकडे ती भीती अजून बसलेली नाही. 2025 मध्ये शिवभोजन केंद्रांची बिलं महिनोन्महिने थकल्याच्या बातम्या राज्यभरातून येत होत्या. 2020 ला ठरलेल्या 50 रुपयांत आजची तूरडाळ, आजचं तेल, आजचा गॅस बसवायचा आणि वर बिल उशिरा, कुठल्या बचत गटाला हे झेपणार? त्याच काळात लाडक्या बहिणीचे 1500 मात्र खात्यात येत राहिले. ते यायलाच पाहिजेत, माझ्या घरात पण येतात, पण फरक बघा, त्या बहिणी मतदार म्हणून सगळ्या पक्षांना दिसतात आणि थाळीच्या लाईनीतला माणूस दिसत नाही.

का दिसत नाही हे मला तिथल्याच एका मावशींकडून कळलं. नातू अ‍ॅडमिट होता, त्या भिंतीला टेकून जेवत होत्या, ऊसतोडीच्या टोळीतल्या. मी सहज विचारलं, मावशी, विधानसभेला मतदान केलं होतं का? म्हणाल्या, "कुठलं रं बाबा, आम्ही फडात. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, कोयता बंद ठेवून कोण येतंय मतदानाला. सरपंचकीला तेवढी गाडी करून आणत्यात, तेवढ्यापुरती आमची आठवण." साखर कारखान्यांचा 2024 चा गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला चालू झाला आणि मतदान होतं 20 नोव्हेंबरला. लाखो माणसं जिल्हा सोडून, कित्येक तर राज्य सोडून कर्नाटकात. ज्यांच्या मजुरीचा दर, ज्यांच्या पोरांची शाळा, ज्या बायकांचं आरोग्य सरकारने बघायचं तेच लोक नेमके गैरहजर. निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये असं एक मशीन जाहीर केलं होतं की स्थलांतरित माणसाला आहे तिथूनच आपल्या गावच्या उमेदवाराला मत देता येईल, एका मशीनवर 72 मतदारसंघ. पक्षांनी शंका काढल्या, विषय तिथंच थांबला. शंका असतील तर सोडवा ना, विषयच का सोडून देता.

कोणाला वाटेल एका मताने, एका मशीनने काय फरक पडतो, तर ब्राझीलचं उदाहरण आहे. तिथं आधी कागदावर उमेदवाराचं नाव किंवा नंबर लिहून मत द्यावं लागायचं, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं अशा गरीब लोकांची ढीगभर मतं बाद व्हायची. 1998 ला मोठ्या शहरांत आणि 2002 ला सगळीकडे फोटो दाखवणारं साधं मशीन आलं. बाद मतं एकदम कमी झाली, म्हणजे गरिबांची मतं मोजली जायला लागली. फुजिवारा नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने अभ्यास केला तर दिसलं की त्यानंतर सरकारी खर्च आरोग्याकडे वळला, गरीब गरोदर बायकांच्या दवाखान्यातल्या तपासण्या वाढल्या आणि कमी वजनाची बाळं कमी जन्मली. मी औषधांच्या दुकानात काम करतो, अडीच किलोच्या आतल्या बाळाचे आई-बाप प्रिस्क्रिप्शन घेऊन रोज काउंटरवर येतात, त्यामुळे हे वाचून मला काय वाटलं ते शब्दांत नीट सांगता येणार नाही.

आपल्याकडे गरीब माणूस मतदानाला कंटाळा करतो असं अजिबात नाही. 2024 च्या विधानसभेला मुंबईतल्या उच्चभ्रू कुलाब्यात 44 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि गरीब, आदिवासी गडचिरोली जिल्ह्यात 70 च्या वर. गरीब माणूस उन्हात लाईन लावून मत देतो. अडचण नाव यादीत नसण्याची आहे, गाव सुटण्याची आहे, दिवसाची मजुरी बुडण्याची आहे. म्हणून लाईनीत शेजारी कोण उभं असेल त्याला मी या गोष्टी सांगत असतो, तुम्ही पण सांगा. नवीन नाव घालायला फॉर्म 6, पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8, अडलं तर 1950 नंबरला फोन. वय 18 होण्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची 1 तारीख. घर नसलेल्या माणसाचं पण नाव लागतं, तो जिथं झोपतो तिथं बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा बूथचा अधिकारी, रात्री येऊन खात्री करतो, घराचा कागद लागत नाही. मतदार कार्ड हरवलं असलं तरी यादीत नाव असेल तर आधार चालतं, फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं, रोजगार हमीचं जॉब कार्ड पण चालतं. आणि मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी कायद्याने आहे, रोजंदारीवाल्याला पण, हे तर बहुतेकांना माहीतच नसतं.

ज्यांना कधी 10 रुपयांची थाळी लागणार नाही त्यांना पण सांगतो. तुमच्या पगाराच्या स्लिपवर महिन्याला 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स कापलेला दिसतो ना, तो 1975 ला रोजगार हमीच्या खर्चासाठी लावलेला कर आहे. 72 च्या दुष्काळात लोक खडी फोडत होते, त्यातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी उभी राहिली आणि 2005 ला तेच काम पूर्ण देशाचा कायदा झालं. शहरातल्या पगारदाराचे पैसे गावातल्या मजुराकडे नेणारी अशी योजना या राज्याने मतदानातूनच उभी केली आहे, वरून कोणी टाकलेली नाही.

आमच्या वॉर्डात पुढच्या वेळी जो कोणी मत मागायला येईल, कुठल्याही पक्षाचा, त्याला मी आणि आमच्या लाईनीतले जेवढे जमतील तेवढे मिळून विचारणार आहोत: थाळीचा दर 50 वरून कधी वाढवणार, केंद्रांची बिलं दर महिन्याला कुठल्या तारखेला देणार, चपात्या दोनाच्या तीन कधी करणार आणि हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला पत्र्याची शेड कधी टाकणार. तारीख सांगेल त्याचं लिहून घेणार.