जॉर्डनची स्मॉल ग्रुप टूर, सहा-सात महिने उलटल्यावर

टूरवरून आल्या आल्या रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी पाच स्टार देऊन मोकळी झाले असते, तेव्हा सगळंच भारी वाटत असतं. आता क्रेडिट कार्डाचं बिल फिटलंय, कंपनीशी रिफंडची मेलामेली संपलीय, आणि सगळ्या नातेवाईकांना फोटो दाखवून झालेत, त्यामुळे डोकं ठिकाणावर ठेवून लिहिता येईल असं वाटतंय.

आम्ही दोघीच गेलो होतो, मी आणि माझ्या मोठ्या नणंदबाई, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. साठी ओलांडलीय, एक गुडघा कुरकुरतो, पक्क्या शाकाहारी. दिवाळीनंतर निघालो. आधी आपल्याकडच्या चाळीस-पंचेचाळीस जणांच्या टूर केलेल्या आहेत, त्यात बसमध्ये अंताक्षरी, रात्री वरणभात आणि सकाळी पोहे असतात, मला त्याबद्दल अजिबात तक्रार नाही, युरोपला त्याच्यासारखं सुख नाही. पण यावेळी जास्तीत जास्त बारा माणसं घेणारी, परदेशी कंपनीची, लोकल गाईडवाली टूर घेतली. अम्मान, जेराश, मादबा, पेट्रा, वादी रम, डेड सी. ग्रुपमध्ये आम्ही दोघीच भारतीय.

पहिला प्रश्न सगळे पैशाचाच विचारतात. मोठ्या ग्रुपच्या तुलनेत बरीच महाग पडते आणि ब्रोशरमधला आकडा हा शेवटचा आकडा नसतो हे धरून चाला. बहुतेक दुपारची आणि काही रात्रीची जेवणं आपल्या खर्चाने, गाईड-ड्रायव्हरची टिप वेगळी, एकटं जाणार असाल तर सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकट्याच्या खोलीचे जादा पैसे, चांगलंच झोंबतं. दिनार तिथला मजबूत आहे, डॉलरपेक्षाही, आम्ही गेलो तेव्हा एका दिनारला आपले एकशे वीस-पंचवीस रुपये जायचे, त्यामुळे 'फक्त पाच दिनार' ऐकून हात पाकिटाकडे नेताना जरा थांबा. जॉर्डन पास, म्हणजे पर्यटकांसाठीचं एकत्रित तिकीट, मात्र घ्याच, पेट्राच्या एक, दोन किंवा तीन दिवसांप्रमाणे 70, 75 किंवा 80 दिनार, आणि देशात किमान तीन रात्री राहणार असाल तर 40 दिनारची व्हिसा फी माफ होते. नुसतं पेट्राचं एका दिवसाचं तिकीटच 50 दिनार आहे, म्हणजे हिशोब सरळ आहे. फक्त माउंट नेबो आणि मादबाचं चर्च त्यात येत नाही, तिथे सुटे पैसे लागतात.

आता छोट्या ग्रुपचे पैसे वसूल कुठे होतात ते सांगते, कारण मला विचाराल तर ते हॉटेलात होत नाहीत (हॉटेलं साधीच होती, एके ठिकाणी गरम पाणी यायला पंधरा मिनिटं लागायची) आणि गाडीतही होत नाहीत. ते होतात जागेवर मिळणाऱ्या वेळात.

जेराशचं उदाहरण घ्या. रोमन शहर आहे, हेड्रियन बादशहा आला तेव्हा त्याच्यासाठी बांधलेली कमान, लंबगोल चौक आणि त्याच्याभोवती खांबांची रांग, रस्त्याच्या दगडांवर रथाच्या चाकांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. मोठे ग्रुप कमान, चौक, थिएटर करून बसकडे परततात. थिएटरमध्ये अरबी पोशाखातले लोक बॅगपाइप वाजवतात, ब्रिटिश गेले आणि ते मागे राहिलं, तिथे सगळे व्हिडिओ काढतात. आमचा गाईड आम्हाला वर आर्टेमिसच्या देवळापाशी घेऊन गेला, अकराएक उंच खांब उभे आहेत, आणि त्याने चक्क खिशातून स्टीलचा चमचा काढला. एका खांबाच्या बुडाशी जी फट आहे तिच्यात चमच्याचं टोक सरकवलं आणि म्हणाला, बघत बसा. वारा होता. मिनिटभर काही नाही, आणि मग चमच्याची दांडी हळूच वर गेली, खाली आली, परत वर. एवढा प्रचंड खांब वाऱ्यावर डुलतोय आणि ते डोळ्याला खांबात दिसत नाही, चमच्यात दिसतं. खांबाला तेवढी हालचाल करता येते म्हणूनच भूकंपांत तो टिकला असं तो म्हणाला, आणि इसवी सन 749 च्या मोठ्या भूकंपात या शहराचं काय झालं ते आजूबाजूला पडलेलं दिसतच होतं. अक्का तिथून हलायला तयार नाहीत, प्रत्येकाने चमच्यावर बोट ठेवून बघितलं. चाळीस माणसांत हे होणं शक्य नाही, पाच जणांनी बघेपर्यंत बाकीचे वॉशरूम कुठे म्हणून विचारायला लागतात.

मादबालाही तसंच. तिथल्या सेंट जॉर्ज चर्चच्या फरशीवर सहाव्या शतकातला मोझेइकचा नकाशा आहे, जेरुसलेम वगैरे सगळं दाखवलेलं. गाईडने एक मासा दाखवला, जॉर्डन नदीतून डेड सीकडे चाललेला आणि खारं पाणी लागताच तोंड फिरवून परत निघालेला. दगडाच्या बारीक तुकड्यांतला मासा, पण चेहऱ्यावर भाव आहेत हो त्याच्या! अर्थात त्यानंतर लगेच आम्हाला मोझेइकच्या दुकानात नेलं, 'फक्त बघा, घ्यायची जबरदस्ती नाही', ते कमिशनचं गणित जगात कुठेही सारखंच, छोटा ग्रुप असो की मोठा. उलट छोट्या ग्रुपमध्ये न घेता बाहेर पडायला जास्त संकोच वाटतो.

पेट्रा, डोंगरात कोरलेलं जुनं शहर. याच्यावर सगळ्यांनी सगळं लिहिलंय त्यामुळे खजिना (कड्यात कोरलेली तिथली सगळ्यात प्रसिद्ध वास्तू, नाव तेवढं खजिना) किती सुंदर आहे ते मी सांगत नाही. टूर निवडताना एकच गोष्ट बघा, पेट्राला पूर्ण दोन दिवस आहेत का. अर्धा दिवस दिलेली टूर फुकट मिळाली तरी घेऊ नका. आम्ही पहिल्या दिवशी पहाटे सहाला गेट उघडताना आत शिरलो. सिक म्हणजे ती सव्वा किलोमीटरची चिंचोळी घळ, त्या वेळी जवळपास रिकामी होती. सगळे वर बघत चालतात, आमच्या गाईडने खाली बघायला लावलं. भिंतीत कमरेच्या उंचीवर कोरलेला पाण्याचा पाट आहे, समोरच्या भिंतीला मातीच्या पाइपांचे तुकडे अजून चिकटलेले आहेत. वाळवंटात राजधानी वसवायची तर नाबाती लोकांना, म्हणजे पेट्रा वसवणाऱ्या जुन्या अरब व्यापाऱ्यांना, पाणी आधी आणायला लागलं, लोबान आणि मसाल्यांच्या व्यापाराचा पैसा नंतर. पावसाळी लोंढा सिकमध्ये घुसू नये म्हणून तोंडाशी बांध घालून डोंगरातून बोगदा कोरून पाणी बाहेरून वळवलंय, दोन हजार वर्षांपूर्वी. 1963 मध्ये तिथे अचानक लोंढा येऊन परदेशी पर्यटक वाहून गेले, त्यानंतर तो बांध पुन्हा नीट केला. आजही पावसाचा अंदाज असला की पेट्रा बंद करतात, आणि तेव्हा 'आम्ही इतक्या लांबून आलोय' म्हणून वाद घालू नका. कान्हेरीच्या पोढी, म्हणजे खडकात कोरलेली पाण्याची टाकी, ज्यांनी नीट बघितल्यात त्यांना हा सगळा भाग फार आवडेल.

आणि वेरूळ बघितलेल्यांनी एक तयारी ठेवा, खजिन्याच्या आत काही नाही. दर्शनी भाग चाळीस मीटर उंच, कळसावरून खाली कोरत आणलेला, पण आत साध्या चौकोनी खोल्या, आणि तिथेही जाऊ देत नाहीत. ही मुळात थडगी आहेत. वरच्या दगडी कलशात सोनं आहे समजून बदूंनी, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांनी, गोळ्या झाडल्या त्याच्या खुणा मात्र दिसतात. कैलासाची सवय असलेल्या डोळ्यांना पेट्रात कोरीव काम कमी आणि दगडाचा रंग जास्त लक्षात राहतो.

दुसऱ्या दिवशी गाईडने मोकळं सोडलं. मी मठापर्यंत, म्हणजे डोंगरावर कोरलेल्या दुसऱ्या मोठ्या वास्तूपर्यंत, चढले, आठशेच्या वर पायऱ्या, दुपारी जा कारण तेव्हा त्याच्यावर ऊन येतं. खजिन्यावर सकाळी नऊ-दहानंतर. अक्का अर्ध्या वाटेवर एका बदू बाईच्या टपरीत चहा पीत बसल्या, भाषा एकमेकींची शून्य, मी परत आले तर दोघी गुडघ्याला कोणतं तेल लावायचं यावर हातवारे करून बोलत होत्या. जाऊन येऊन दहा-बारा किलोमीटरच्या वर चाल होते हे नीट लक्षात घ्या. गेटपासून खजिन्यापर्यंत इलेक्ट्रिक गाड्या आहेत, पैसे पडतात पण गुडघेवाल्यांनी परतीला घ्याव्यात. तिकिटात घोडा 'फ्री' आहे असं सांगतात, तो घेतलात की उतरताना टिपवरून रडारड ठरलेली. गाढववाले 'टॅक्सी विथ एसी' म्हणून मागे लागतात. मठाच्या पायऱ्यांवर ती गाढवं घसरताना बघितल्यावर तुम्ही स्वतःच बसणार नाही.

वादी रमबद्दल माझं मत ग्रुपमधल्या बाकीच्यांपेक्षा वेगळं पडलं. जागा अफाट आहे, लाल वाळू आणि मधूनच उभे राहिलेले डोंगर, खझाली घळीत हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आणि थमुदी, म्हणजे प्राचीन अरबी लिपीतली, अक्षरं, माणसं, उंट, एक पाऊल. पण जुन्या टोयोटा पिकअपच्या मागे बाकड्यावर बसून दिवसभर आपटत फिरायचं, एक दगडी पूल, दुसरा दगडी पूल, वाळूची टेकडी, परत दगडी पूल. दुपारनंतर मला पुरे झालं. कंबर दुखणाऱ्यांनी अर्ध्या दिवसाचीच जीप मागा आणि उरलेला वेळ कॅम्पजवळ पायी फिरा, वाळवंट कळायचं तर ते पायीच कळतं. रात्री थंडी भयानक असते, स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागतात, ब्लँकेटं देतात पण जड आणि बोकडाच्या वासाची.

जेवण. जॉर्डनमध्ये शाकाहारी माणसाचं हॉटेलात फार छान होतं, हमस, फलाफल, मुतब्बल म्हणजे आपल्या वांग्याच्या भरताचा ताहिनीवाला भाऊ, आणि मसूर-भाताची मुजद्दरा अक्कांनी तीनतीनदा मागून घेतली. कॅम्पवर मात्र झर्ब असतं, वाळूत खड्डा करून, निखारे ठेवून, वर मजल्यामजल्यांची जाळी सोडतात आणि वाळूने बंद करतात. भाज्याही त्याच जाळीवर असतात. कोणत्या मजल्यावर ते आधी विचारा! आमच्या गाईडने सकाळीच फोन करून अक्कांच्या भाज्या फॉइलमध्ये बांधून सगळ्यात वरच्या ताटात ठेवायला लावल्या, नाहीतर कोंबडीचा सगळा रस खालच्या बटाट्यांवर. मोठ्या टूरमध्ये आपला महाराज बरोबर असतो त्यामुळे हा प्रश्नच येत नाही, इथे तोंडाने सांगायला लागतं.

छोट्या ग्रुपचा तोटा कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पंचेचाळीस जणांत एखादा माणूस नकोसा वाटला तर बसमध्ये मागच्या सीटवर जाता येतं. दहा जणांच्या टेबलावर पळायला जागा नाही. आमच्यात एक गृहस्थ होते, प्रत्येक ठिकाणी 'हे मी इजिप्तमध्ये यापेक्षा मोठं बघितलंय'. रोज. तिसऱ्या दिवसापासून गाईड पण त्यांच्याकडे बघूनच माहिती सांगायला लागला. आणि एक जोडपं दररोज उशिरा, त्यामुळे पहाटे सहाची पेट्राची वेळ सोडली तर बाकी कुठलीच वेळ पाळली गेली नाही.

रिफंडचं प्रकरण. आमच्या कार्यक्रमात वादी मुजिबच्या घळीतली पाण्यातून चालायची सफर लिहिलेली होती. ती वाट एप्रिल ते ऑक्टोबरच चालू असते, आम्ही नोव्हेंबरात. हे कंपनीला माहीत नसेल असं मी मानत नाही. त्याऐवजी वरून एक व्ह्यूपॉइंट दाखवला आणि चला. परत आल्यावर मेल केला, मग 'टीमकडे पाठवलंय', मग शांतता, असं करत तीन महिन्यांनी थोडे पैसे आले. बुकिंग करताना कार्यक्रमातली प्रत्येक गोष्ट त्या महिन्यात चालू आहे का ते स्वतः बघून घ्या, आणि इन्शुरन्समध्ये युद्धामुळे झालेलं कॅन्सलेशन धरलंय का तेही वाचा, बऱ्याच पॉलिसीत ते नसतं आणि जॉर्डनच्या शेजारपाजारी काय चाललेलं असतं ते आपण बातम्यांत बघतोच.

आज इतक्या महिन्यांनी ग्रुपचा व्हॉट्सॲप थंड पडलाय, इजिप्तवाले काका तेवढे अधूनमधून पिरॅमिडचे फोटो टाकतात. मला स्वतःला चमचा, मासा आणि तो पाण्याचा पाट आठवतो, आणि तिन्ही गोष्टी गाईडने घाई न करता दाखवलेल्या. त्यामुळे पैसे वाया गेले असं अजूनही वाटत नाही. याच प्रकारची टूर परत करीन, पण डेड सीचं रिसॉर्ट वगळून देत असतील तर. पाण्यावर तरंगायला दहा मिनिटं मजा येते, आदल्या दिवशी पाय शेव्ह केले असतील तर तेवढीही नाही, आणि समुद्र दरवर्षी मीटरभराहून जास्त खाली चाललाय त्यामुळे हॉटेलपासून पाण्यापर्यंत उतरायच्या पायऱ्या वाढतच चालल्यात, अक्कांनी त्या बघितल्या आणि वरच खुर्ची टाकून बसल्या. त्या एका रात्रीच्या पैशात पेट्राला तिसरा दिवस सहज बसला असता.