'आय फाइव्ह' सांगून विकलेला पेंटियम

कुडाळ-कणकवलीकडे जुना कॉम्प्युटर घेणार असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा.

लग्नसराईच्या तोंडावर मी डीटीपीच्या कामासाठी एक सेट साडेतेरा हजारांना घेतला. कॅबिनेटवर आय फाइव्हचा, म्हणजे इंटेलच्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरचा (कॉम्प्युटरच्या मेंदूचा) स्टिकर होता, विंडोजच्या सिस्टिम पानावर 'कोअर आय फाइव्ह ४५९०' हे नाव होतं. विक्रेत्याने टास्क मॅनेजर (मशीनवर काय चाललंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून प्रोसेसरच्या वेगावर, ४.४ गिगाहर्ट्झवर, बोट ठेवलं. "आय फाइव्ह आसा ह्यो, काय काळजी करू नकात." त्याच्या एसी दुकानात डीटीपीचं कोरल सॉफ्टवेअर झटपट उघडतही होतं.

मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या गाळ्यात मशीन दुपारी बंद पडायला लागलं. पत्रिकेची पीडीएफ काढताना निळा स्क्रीन यायचा, नाहीतर आपोआप रीस्टार्ट व्हायचं. फोन केला की उत्तर ठरलेलं : तुमच्याकडे व्होल्टेज कमीजास्त होतं, स्टॅबिलायझर लावा. आमच्याकडे व्होल्टेज खरंच कमीजास्त होतं, त्यामुळे ही थाप इथे कुणालाही पटते.

लबाडी उघड झाली ती वळवाच्या पावसाने. वादळात रात्रभर लाइट गेली. सकाळी मशीन सुरू केलं तर तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) नाव दिसलं पेंटियम जी३२५८, म्हणजे इंटेलचाच स्वस्त प्रोसेसर, वेग ३.२ गिगाहर्ट्झ. विंडोज सुरू झाल्यावर मात्र पुन्हा आय फाइव्ह!

मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता. प्लग चालू असेपर्यंत बायोसची सेटिंग टिकत होती. लाइट गेली तशी ती पुसली गेली आणि त्या सेटिंगमधून वाढवून ठेवलेला वेग मूळ जागी आला. विंडोजमधलं नाव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, बदललेलं होतं. ते दर वेळी मशीन सुरू होताना मूळपदावर येतं, म्हणून लॉगिन होताच तेच नाव पुन्हा लिहिणारी एक फाइल टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेली कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत) दडवून ठेवली होती. ही चूक नव्हे, बेत आहे.

जी३२५८ हा प्रोसेसर वाईट नाही. पेंटियम नावाला वीस वर्षं झाली म्हणून इंटेलने २०१४ मध्ये तो काढला आणि स्वस्त असूनही त्याचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) मुद्दाम खुला ठेवला. हौशी लोकांनी चांगला कूलर लावून तो आनंदाने पळवला. माझा राग असा वेग चढवण्यावर, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगवर नाही. पण जी३२५८ दोन कोअरचा आहे, म्हणजे आत काम करणारे दोनच भाग, आणि आय फाइव्ह ४५९० चार कोअरचा. वेग कितीही चढवला तरी दोनाचे चार होत नाहीत. शिवाय वेग चढवायला प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. माझ्या सेटवर कंपनीचा साधा छोटा पंखाच होता. एसीत पाच मिनिटं निभावून जातं. मे महिन्यातल्या किनाऱ्यावरच्या दुपारी, पूर्ण लोडवर, तो प्रोसेसर टिकणार कसा?

म्हणून विंडोजमधल्या नावावर विश्वास ठेवू नका. टास्क मॅनेजरमध्ये कोअर किती आहेत ते बघा, तिथे दोन दिसले तर तो ४५९० नव्हे. आकडाही बघा : ४५९० टर्बोत (आपोआप तात्पुरता वाढणाऱ्या वेगात) सुद्धा ३.७ च्या वर जात नाही, म्हणजे ४.४ हाच पुरावा होता. सीपीयू-झेड हे प्रोसेसर ओळखणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा, ते थेट प्रोसेसरलाच विचारतं. विक्रेत्यासमोर बायोस उघडायला लावा आणि 'लोड डिफॉल्ट्स' (सगळी सेटिंग मूळपदावर) करून मशीन पुन्हा सुरू करायला सांगा. मग अर्धा तास पूर्ण लोड द्या, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण ताकदीने राबवा, तापमान बघत बसा. शंभर अंशांकडे गेलं तर उठा. विक्रेता कां कू करू लागला तरी उठा.

माझ्या बिलावर नुसतं 'कॉम्प्युटर सेट, जुना' एवढंच आहे आणि विक्रेता आता त्याच ओळीमागे लपतोय. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे, बायोसच्या आणि टास्क शेड्युलरच्या फोटोंसकट. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तुम्ही बिलावर प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि मूळ वेग विक्रेत्याच्याच हाताने लिहून घ्या, सही-शिक्क्यासह.