वनौषधींचा चोथा बुरशीने आंबवायचा: ट्रेमध्ये की टाकीत?

काढा किंवा अर्क निघाला तरी चोथ्यात बरंच काही उरतं. फिनॉलिक द्रव्यांचा (वनस्पतींतल्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांचा) काही भाग साखरेशी किंवा तंतूंशी जखडलेला असतो. अ‍ॅस्परजिलस नायगर या बुरशीची विकरं (एन्झाइम), विशेषतः बीटा-ग्लुकोसिडेज, तो मोकळा करतात.

फिनॉलिक अर्क हवा असेल तर सुरुवात ट्रेनेच करावी. चोथा 1 ते 3 मिमी भरड ठेवा. पिठासारखा दळला तर लगदा होतो आणि हवा खेळत नाही. 10 टक्के ओलाव्याच्या 1 किलो चोथ्याला साधारण दीड लिटर पाणी लागतं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी टपकू नये. 121 अंशांवर निर्जंतुक करून पूर्ण निवू द्या, मग ग्रॅममागे 10 लाख ते 1 कोटी बीजाणू मिसळा. तापमान 28 ते 30 अंश, थर 2–3 सेंमी. जागा वाचवायला थर जाड केला की घात होतो: मधला भाग तापतो, बुरशी मंदावते आणि जिवाणू माजतात. आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर तो ट्रे टाकून द्या.

टाकीत, म्हणजे चोथा पाण्यात कालवून आंबवताना, तापमान आणि सामू हातात राहतो, सगळीकडे वाढ सारखी होते. पण घन भाग 3–5 टक्क्यांच्या फार वर नेला की मिश्रण दाटतं, प्राणवायू पोचत नाही. ढवळणं, फेस आवरणं, शेवटी ते सगळं पाणी उडवणं, हा खर्च वेगळाच. विकरंच विकायची असतील तर मात्र टाकी बरी. गाळलं की द्रव हाती येतो.

दोन्हीकडे फसगत बहुधा चोथ्यामुळे होते. त्यात अल्कोहोल किंवा लवंग, ओव्यासारखं सुगंधी तेल उरलं असेल तर बीजाणू रुजतच नाहीत. आधी वाफवून ते उडवा, गव्हाचा कोंडा मिसळा.

ट्रे साधारण 4 ते 6 दिवस चालतो, पण कॅलेंडर पाहून थांबू नका. तिसऱ्या दिवसापासून रोज नमुना काढून एकूण फिनॉल मोजा. आकडा चढून उतरायला लागला म्हणजे सुटलेली द्रव्यं बुरशीच खाऊ लागली. काळे बीजाणू धरण्याआधी काढलं तर धूळही कमी. तरी मास्क हवाच.

नायगरचे काही वाण ऑक्रॅटॉक्सिन हे विष तयार करतात. वाण ओळखीचा घ्या, तरी प्रत्येक घाणा तपासा. जड धातूही पाहा: बुरशी वजन घटवते, धातू तेवढेच राहतात, म्हणून त्यांचं प्रमाण वाढतं.