हनोईत जुनी टूरिंग सायकल घेताना आधी मागचा हब बघा

सोलापूरचा एक सायकलस्वार एकट्याने व्हिएतनाम फिरायला गेला. हनोईत त्याने ८० लाख डोंगांना, म्हणजे साधारण सव्वीस-सत्तावीस हजार रुपयांना, जुनी सायकल घेतली. दुकानदाराचं म्हणणं, "टूरिंगसाठी एकदम तयार आहे, हो ची मिन्ह सिटीत आमचा माणूस निम्म्या किमतीत परत घेईल." फोंग न्हा ते खे सान्ह हा हो ची मिन्ह रोडचा पश्चिमेकडचा पट्टा दोनशे किलोमीटरच्या वर आहे. चढ-उतार भरपूर, वस्ती तुरळक, सायकलचं दुकान जवळपास नाहीच. तिथे मागचं चाक डुलायला लागलं, रिम ब्रेकला घासू लागली आणि शेवटी ॲक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, तुटला. पुढचा प्रवास टेम्पोत सायकल टाकून झाला. सायकल परत घेणाऱ्या माणसाचा फोन कधीच लागला नाही.

हा नशिबाचा भाग नव्हता. सायकलला फ्रीव्हीलचा हब (ज्यातून ॲक्सल जातो तो चाकाचा मधला भाग) होता. फ्रीव्हील, म्हणजे उलटं मोकळं फिरणाऱ्या दातेरी चक्रांचा गठ्ठा, हबवर बाहेरून आट्यांनी बसते, त्यामुळे उजवीकडचे छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) दात्यांच्या आतल्या बाजूला राहतात आणि तिथून फ्रेमपर्यंत ॲक्सलचा बराच भाग आधाराविना असतो. रिकाम्या सायकलला हे चालून जातं. कॅरिअरवर पंधरा-अठरा किलो सामान चढलं आणि खड्ड्यांचे दणके बसले की ॲक्सल तिथेच वाकतो. कॅसेटमध्ये दात्यांची चक्रं हबच्याच मोकळ्या फिरणाऱ्या भागावर सरकवून बसवलेली असतात. अशा हबमध्ये छर्रे ॲक्सलच्या पार टोकाजवळ असतात, म्हणून सामानाच्या प्रवासाला तोच हवा.

ओळखायचं कसं? मागचं चाक काढा. दात्यांच्या मधोमध पान्याच्या खाचा दिसतील. चाक धरून दाते उलटे फिरवा. खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. मग ॲक्सल बोटांनी सावकाश फिरवा. त्याचं टोक गोल घिरटी घेत असेल तर तो आधीच वाकलाय. चेनही मोजा: एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवला की पंचविसाव्या पिनेचा मध्य बरोबर १२ इंचांवर यायला हवा. दीड मिलिमीटर पुढे गेला तर चेन बदलायची, तीन मिलिमीटर गेला तर दातेही गेलेले असतात. फ्रेमवरच्या 'क्रोमोली' (क्रोम-मोलिब्डेनमचं मजबूत पोलाद) स्टिकरवर विश्वास ठेवू नका. लोहचुंबक लावून बघण्यातही अर्थ नाही, तो साध्या पोलादालाही चिकटतो.

परत घेण्याचा शब्द कागदावर घ्या. त्यात रक्कम, मुदत, हो ची मिन्ह सिटीतला पत्ता आणि क्रँकच्या खाली कोरलेला फ्रेम नंबर हवा. नसेल तर तो शब्द किमतीत धरू नका. पैसे मोजताना नोटांवरची शून्यं मोजा. २० हजार आणि ५ लाख डोंग, दोन्ही नोटा निळसर असतात, आणि संध्याकाळच्या उजेडात एवढा मोठा फरक सहज नजरेतून सुटतो.

खरं तर तुळजापूरच्या घाटात सामानासकट चालवून बघितलेली आपलीच सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यात नेणं बरं. पॅक करताना डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात ठेवा, जोर लावून आटे मारू नका.

फ्रीव्हीलवाली सायकल घेऊन झाली असेल तर हनोई सोडण्याआधीच कॅसेटचं मागचं चाक बसवून घ्या. मागचं चाक बसतं त्या फ्रेमच्या दोन खाचांमधलं अंतर आधी आतून मोजा: १३० की १३५ मिलिमीटर, त्याच मापाचा हब मागा. तेही जमलं नाही तर पाणी आणि हत्यारं पुढच्या चिमट्यावर बांधा, मागे फक्त कपडे ठेवा.